पुरात घर गेलेल्या शाळकरी मुलांना मदत करताना या चुका टाळा

नाशिकमध्ये गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं की गंगाघाटालगतच्या वस्त्यांमध्ये सामान हलवायची धावपळ सुरू होते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी सराफ बाजारापर्यंत आली, तेव्हा मदतीला धावणारे हात कमी नव्हते. तरीही शाळकरी मुलांच्या बाबतीत आम्ही बऱ्याच ठिकाणी चुकलो.

सगळ्यात मोठी चूक फोटोची. दप्तर घेताना मूल कॅमेऱ्याकडे बघतं, फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि दोन दिवसांनी त्याच्या वर्गात पोहोचतो. मग ते मूल शाळेत जायलाच नको म्हणतं. ज्या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे, त्याची ओळख चौकशी, तपास किंवा न्यायालयीन प्रक्रियेच्या संदर्भात माध्यमांतून उघड करणं हा बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. देणगीदारांना हिशेब हवा असेल तर पावत्या दाखवा. मुलाचा चेहरा दाखवू नका, मग आईबापांनी हो म्हटलं असलं तरी. हात पसरलेला असताना नाही कोण म्हणेल?

दुसरी चूक, न विचारता वस्तू नेणं. जुन्या साड्यांचे ढीग पडून राहतात आणि मुलाला हवा असतो गणवेश, तोही त्याच्या मापाचा. "ताई, आधी काय लागेल?" एवढं विचारा. पुस्तकं विकत घेण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत असतात, शिल्लक संच निघू शकतो. आणि चिखल उपसण्याआधी घराचे, भिजलेल्या सामानाचे फोटो काढून ठेवा. हे फोटो मात्र हवेतच, पंचनाम्याच्या वेळी कामी येतात.

कुटुंब मामाकडे सातपूरला किंवा सिन्नरला गेलं, शाळा सोडल्याचा दाखला वाहून गेला, म्हणून पोरगं घरी बसवू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखला उशिरा आला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळेने टाळलं तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

मूल एकटं सापडलं तर मायेपोटी घरी ठेवून घेऊ नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, हा नंबर मोफत आहे आणि २४ तास चालतो. अशा मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं.

पहिल्या आठवड्यात खिचडीची पातेली उरतात, तिसऱ्या आठवड्यात कोणी फिरकत नाही. बापाची हातगाडी वाहून गेलेली असते, ती तोवर उभी राहिलेली नसते. म्हणून गोळा झालेल्या पैशातला निम्मा तरी पुढच्या महिन्यांसाठी राखा. शाळेत दुपारचा पोषण आहार मिळतो, पण रविवारी नाही आणि दिवाळीच्या सुट्टीतही नाही. त्या दिवसांचा शिधा आधी मोजा.