मॅक्रो लावण्याआधी: एक दाब, एक क्रिया

मनगट दुखतं म्हणून मी अंगठ्याखाली बारा बटणं असलेला माउस घेतला आणि पहिल्याच आठवड्यात एका गेममधून सात दिवसांसाठी बाहेर फेकली गेले. चूक माझीच. ढाल उचलणं, औषध पिणं आणि वार करणं या तिन्ही गोष्टी मी एकाच बटणात भरल्या होत्या. एका दाबात आपोआप होणाऱ्या अशा क्रियांच्या साखळीला मॅक्रो म्हणतात. तेव्हापासून नवा गेम सुरू करताना मी आधी बटणांचा हिशेब लावते.

सगळ्यात आधी स्वतःला विचारा: मी एकदा दाबलं की गेममध्ये किती गोष्टी होतात? 'आर' कीचं काम माउसच्या बटणाला दिलं तर एकच होते. अशी अदलाबदल बहुतेक गेम चालवून घेतात. एका दाबात तीन क्रिया झाल्या, किंवा आपण खुर्चीतून उठलो तरी बटण दाबलं जातच राहिलं, की धोका सुरू. ओल्ड स्कूल रुनस्केप आणि गिल्ड वॉर्स २ यांचे नियम याच हिशेबावर उभे आहेत. गिल्ड वॉर्स २ मध्ये गेममधली वाद्यं वाजवायला तेवढी सूट आहे, आणि मला ती फार आवडते.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मॅक्रो लिहायची सोय गेममध्येच आहे, मर्यादा २५५ अक्षरांची. ती बिनधास्त वापरा. पण एका कीचा दाब एकाच वेळी अनेक खात्यांना पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तिथे २०२० च्या नोव्हेंबरपासून बंदी आहे.

कीबोर्डकडेही लक्ष हवं. डावीकडे नेणारी 'ए' दाबून ठेवून उजवीकडे नेणारी 'डी' दाबली तर एरवी दोन्ही दिशा एकमेकींना मारतात. काही कीबोर्डमध्ये असलेली स्नॅप टॅपसारखी सोय चालू असेल, तर शेवटची की जिंकते आणि पहिली वेळेवर सोडण्याचं कसब कीबोर्डच करून टाकतो. ऑगस्ट २०२४ पासून काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर हे आढळलं की सामन्यातून काढतात. ते बरोबरच आहे. ते कसब कमवायला लोक महिनोन्‌महिने सराव करतात.

आता बहुतेकांकडून राहून जाणारी गोष्ट. माउसचं सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी मॅक्रो माउसच्या स्वतःच्या मेमरीत राहू शकतो. म्हणून सॉफ्टवेअर काढण्याआधी एक कोरं प्रोफाइल, म्हणजे मॅक्रो नसलेली बटणांची मांडणी, बनवून माउसमध्ये साठवा. मग रिकामी टेक्स्ट फाइल उघडा आणि प्रत्येक बटण एकदाच, पटकन दाबून सोडा. एका दाबाला दोन अक्षरं उमटली तर तिथे काहीतरी शिल्लक आहे. क्लिकचे मॅक्रो फाइलमध्ये दिसत नाहीत, ते सॉफ्टवेअरच्या यादीतच तपासा.

कन्सोलवर माउस-कीबोर्डला कंट्रोलर भासवणारं उपकरण लावू नका. रेनबो सिक्स सीजने २०२३ मध्ये ते पकडून खेळाडूची प्रत्येक कृती उशिरा पोहोचवायला सुरुवात केली.

हाताच्या त्रासामुळे मॅक्रो लागतच असेल, तर गप्प बसू नका. डेस्टिनी २ हा गेम बनवणाऱ्या बंजी कंपनीने २०२३ मध्ये त्या गेमसाठी स्पष्ट केलं की खेळता यावं म्हणून वापरलेली साधनं चालतात, इतरांवर कुरघोडी करायला वापरलेली नाहीत. तुमच्या गेमच्या मदत विभागाला लिहा. 'मॅक्रो चालेल का?' एवढंच विचारू नका. कोणतं बटण, किती क्रिया, का, हे सगळं सांगा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

माझ्या माउसवर आता ढाल चौथ्या बटणावर आहे, औषध पाचव्यावर. वार डाव्या हाताला दिलाय.