बालीत आमेदला महिना-दोन महिने राहायला येताय? आधी हे वाचा

गेल्या पंधरा दिवसांत तीन जण गुडघ्याला बँडेज बांधून आमच्या रस्त्यावरून लंगडत जाताना बघितले. तिघंही आपलेच, दोघं पुण्याचे आणि एक मुलगी नागपूरची. तिघांनाही विचारलं स्कूटरचं लायसन्स आहे का, तर तिघांचं उत्तर एकच, "ताई इथे कोण विचारतंय." म्हणून आज हे लिहायला बसले. मी मूळची अलिबागची, २०१६ ला सॅक पाठीला लावून बालीत आले, मग इथल्याच माणसाशी लग्न झालं आणि आता बेटाच्या पूर्वेला आमेदमध्ये घर आहे.

तर आधी स्कूटर. आमेद म्हणजे एक गाव नाही, समुद्राच्या कडेने ओळीने वसलेल्या वाड्या आहेत, आणि त्यांना जोडणारा रस्ता टेकडी चढतो, वळतो, उतरतो, परत चढतो. पाऊस झाला की डोंगरावरची खडी आणि वाळू वळणावर येऊन बसते. मी आले तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात लिपाहच्या अलीकडच्या उतारावर माझी गाडी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. देनपसारला नेलं, प्लेट टाकली, बिल झालं चार कोटी रुपिया, म्हणजे आपले जवळजवळ दोन लाख. इन्शुरन्स होता की माझ्याकडे! पण घरी वर्षानुवर्षं दुचाकी चालवत असले तरी लायसन्सवर फक्त चारचाकी होती आणि इंटरनॅशनल परमिट तर काढलंच नव्हतं, त्यामुळे क्लेम सरळ नाकारला. बाबांनी एफडी मोडून पैसे पाठवले. ते फोनवर एक शब्द रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं मनाला.

त्यामुळे परत सांगते, लायसन्सवर दुचाकीचा वर्ग आहे का ते आज बघा. नसेल तर टेस्ट देऊन तो घालून घ्या, मग आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, हजार रुपये फी आहे आणि वर्षभर चालतं. हे सगळं निघायच्या आधीच करायचं, इथे आल्यावर हळहळून उपयोग नाही. आणि इन्शुरन्स घेताना दुचाकीबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पोलिसाने पकडलं तर दंड भरून सुटाल, हाड मोडल्यावर तसं होत नाही. परमिट नसेल तर गाडी घेऊच नका. पायी फिरा, ओळखीच्या कुणाच्या मागे बसा, लांब जायचं असेल तर ड्रायव्हरसकट गाडी करा, दिवसाचे सहा ते आठ लाख रुपिया होतात, चौघांत वाटले तर काहीच नाही. (लाख ऐकून घाबरू नका, मागचे तीन शून्य काढायचे आणि साधारण पाच-साडेपाचने गुणायचं, की आपले रुपये आले.)

व्हिसा: व्हिसा ऑन अरायव्हल ५ लाख रुपिया, शिवाय बालीचा पर्यटन कर दीड लाख. ३० दिवस मिळतात, एकदाच आणखी ३० वाढवता येतात. पोचलात तो दिवस पहिला धरतात आणि ३० दिवस म्हणजे एक महिना नव्हे, ३१चा महिना असला की लोक हमखास चुकतात. जास्तीच्या प्रत्येक दिवसाला १० लाख रुपिया दंड आहे. वाढवायचा असेल तर दोन आठवडे आधी कामाला लागा. आणि या व्हिसावर काम करायचं नाही, होस्टेलात फुकट राहण्याच्या बदल्यात रिसेप्शनला बसणंसुद्धा कामच धरलं जातं.

आता राहण्याबद्दल. बहुतेक जण येतानाच याद्या करून येतात, दोन दिवस उबुद, दोन दिवस चांगू, एक दिवस मुंडुक, मग गिली, आणि वर म्हणतात आम्हाला स्लो लिव्हिंग करायचंय. असं होत नाही हो. चांगूला जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण तिथे रस्त्यावर ट्रॅफिक आणि कॅफेत लॅपटॉप, तेच हवं असेल तर बाणेरला काय वाईट आहे? एका गावात निदान तीन आठवडे राहा. पहिल्या आठवड्यात कंटाळा येईल, दुसऱ्या आठवड्यात दुकानातली बाई नावाने हाक मारेल, आणि खरं राहणं तिथून सुरू होतं.

महिन्याची खोली ऑनलाईन बुक करू नका. तीन रात्रींचं बुकिंग करून या, मग पायी फिरून होमस्टेत विचारा, महिन्याचा भाव वेगळा असतो आणि तो फक्त तोंडी ठरतो. खोली घेण्याआधी नळाचं पाणी जिभेला लावून बघा, समुद्राकाठी काही ठिकाणी मचूळ येतं. पिऊ मात्र नका, प्यायला १९ लिटरचा गालोन, म्हणजे पाण्याचा मोठा बाटला घ्यायचा. वीज वेगळी आहे का विचारा, असेल तर मीटर प्रीपेड असतो, दुकानातून टोकन घ्यायचं आणि त्याचा २० आकडी नंबर मीटरवर दाबायचा. पैसे संपत आले की मीटर टीं टीं वाजायला लागतो आणि तो नेमका रात्री दोनला वाजतो. कोंबडे साडेतीनला. कानात घालायचे बोळे आणा.

शाकाहारी मंडळींनो, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि टोफू (इथे ताहू म्हणतात) कुठल्याही वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खाणावळीत मिळतं, गाडो-गाडो (दाण्याच्या चटणीतल्या भाज्या) मिळतं, पण सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत तेरासी असते, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची पेस्ट. मी जवळा खात मोठी झाले, मला चालते, तुम्हाला चालत नसेल तर "तान्पा तेरासी" म्हणायला शिका. नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, भाजी चिकनच्या पाण्यात शिजवली तरी ती त्यांच्या हिशोबी भाजीच. बाकी हिंग तेवढा घेऊन या, इथे मिळत नाही, फणसाच्या भाजीला इतका लागतो!

माणसांशी बोलताना वयाने मोठ्या पुरुषाला ब्ली, बाईला म्बोक, म्हणजे आपलं दादा आणि ताईच. नुसतं वायान म्हणून हाक मारलीत तर चौघं वळून बघतील, कारण घरातल्या पहिल्या मुलाचं नाव वायान, दुसरा माडे, तिसरा न्योमान, चौथा क्तुत असंच चालतं. इथे तोंडावर नाही म्हणत नाहीत, "बलुम" म्हणतात, म्हणजे अजून नाही. पंखा दुरुस्त झाला का? बलुम. होणार आहे का? उद्या. यावर आवाज चढवलात की तुमचं काम कायमचं मागे पडलं समजा. आपल्या लोकांना नेमकी हीच सवय असते, वीस हजाराच्या थाळीवर पाच हजारांसाठी हुज्जत घालायची, ते पंचवीस-तीस रुपये होतात आपले, आणि त्यापायी मागून येणाऱ्या प्रत्येक भारतीयाकडे ती बाई कपाळाला आठी घालून बघते. कृपा करून हे करू नका. बाजारात कपड्यांचा भाव खुशाल करा, जेवणाचा नको.

सकाळी दारात, पायरीवर, स्कूटरच्या सीटवर पानांची छोटी परडी दिसेल, फुलं, दोन शितं भात, उदबत्ती. ती चानांग सारी. ओलांडायची नाही, बाजूने जायचं. तुम्पेक लान्देप म्हणून एक दिवस येतो, त्या दिवशी लोखंडाची, हत्यारांची आणि गाड्यांची पूजा करतात, अगदी आपली खंडेनवमी, माझ्या सासूबाई गाडीला हार घालताना बघून पहिल्यांदा मला रडू आलं होतं. देवळात जाताना सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र) आणि कमरेला कापड लागतंच. पाळीत बायकांनी जायचं नाही असा नियम आहे, पटो न पटो, पाळा.

मिठागरं बघायची असतील तर कोरड्या दिवसांत, एप्रिल ते ऑक्टोबर, सकाळी लवकर जा. आपल्याकडे मीठ जमिनीवर वाफ्यांत पिकतं, इथे नारळाचं खोड उभं चिरतात, आतून पन्हळीसारखं कोरतात आणि त्यात खारं पाणी ओतून उन्हात ठेवतात. काठाला आधी पांढरी साय धरते, मग खडे. राबणारा माणूस म्हातारा आहे, फोटो काढण्याआधी विचारा आणि एक पिशवी विकत घ्या.

कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं ओरखडलं तरी, साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या, बालीत रेबीज आहे. सुटी मिळणारी, बिनलेबलची अराक, म्हणजे इथली गावठी दारू पिऊ नका. कुणी म्हणालं माझ्या नावावर जमीन घे, पैसे तुझे, तर हात जोडून निघून या.

मार्चमध्ये येणार असाल तर न्येपीची तारीख बघूनच तिकीट काढा. हे इथलं शक नववर्ष, आपल्याच शकाचं, त्यामुळे बऱ्याचदा पाडव्याच्या आसपास येतं, २०२३ आणि २०२६ ला तर त्याच दिवशी आलं. त्या दिवशी २४ तास विमानतळ बंद, दुकानं बंद, रस्त्यावर पाय ठेवायचा नाही, मोबाईलचं इंटरनेटही बंद. आदल्या दिवशी दुपारपर्यंत गालोन, फळं, ब्रेड आणून ठेवा, संध्याकाळी ओगोह-ओगोहची, म्हणजे राक्षसांच्या मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक बघा, आणि दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर दिवा लावायचाच असेल तर आधी खिडकीला जाड चादर लावा, नाहीतर पेचालांग, म्हणजे गावचे रखवालदार, येऊन दार वाजवतील आणि तुमच्यामुळे घरमालकाला ऐकून घ्यावं लागेल.