मुलाचं वजन आणि प्रोबायोटिक: या चुका टाळा

मुलाचं वजन जास्त आहे म्हणून प्रोबायोटिकची (उपयोगी जिवंत जिवाणूंची) बाटली सुरू करायची आणि ताट मात्र होतं तसंच ठेवायचं, ही सगळ्यात मोठी चूक. बाहेरून दिलेले जिवाणू बहुधा आतड्यात मुक्काम करत नाहीत. देणं थांबलं की काही दिवसांत कमी होतात. मुलांच्या लठ्ठपणावर त्यांचा उपयोग किती, याबद्दल अभ्यासांचे निकालही एकसारखे नाहीत. पोटात आधीपासून असलेल्या जिवाणूंना रोज फायबर (अन्नातला न पचणारा तंतुमय भाग) मिळालं, तर ते आंबवून हे जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, आणि मुख्यतः त्यांवर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं.

दह्याचंच बघा. मे महिन्यात पुण्यात दही चार-पाच तासांत लागतं, पण रात्री लावलेलं सकाळपर्यंत ओट्यावर राहतं आणि आंबट होतं. मूल तोंड वाकडं करतं, मग दोन चमचे साखर पडते. म्हणजे वाटीमागे ८ ते १० ग्रॅम! म्हणून उन्हाळ्यात दही सकाळी लावा: अर्धा लिटर दूध बोटाला सोसेल इतपत कोमट, विरजण एक छोटा चमचा, आणि घट्ट झाल्याबरोबर फ्रीजमध्ये. गोड दही साखरेविना आवडीनं खाल्लं जातं. श्रीखंड, गोड लस्सी, मस्तानी यांना ‘पोटाला चांगलं’ या खात्यात धरू नका. कढी जरूर करा, पण उकळल्यावर त्यातले जिवाणू जिवंत राहत नाहीत.

फायबरचा सोपा हिशोब: वयात ५ मिळवा. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान १३ ग्रॅम. ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि एक पेरू यांत ते बसतं. पेरूचा गाळलेला रस दिलात तर फायबर चोथ्यातच जातं.

मात्र एकदम वाटीभर उसळ वाढली की पोट फुगतं, गॅस होतो आणि घरात ‘याला कडधान्य सोसत नाही’ असं ठरून जातं. दोन चमच्यांपासून सुरुवात करा, दोन-तीन आठवड्यांत वाटीवर या, आणि पाणीही वाढवा.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक कॅप्सूल देऊ नका.

दर आठवड्याला काट्यावर उभं करणंही थांबवा. तीन महिन्यांनी उंची आणि वजन दोन्ही घ्या, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) काढा आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर बघा. वजन तेवढंच आणि उंची वाढलेली असेल, तर गाडी बरोबर रस्त्यावर आहे.