काउंटरपासून टायमर: कॉम्प्रेसरचे रनिंग अवर मोजण्याची पद्धत

रबाळे-महापेच्या एमआयडीसीतील एखाद्या कारखान्यात कॉम्प्रेसर ५०० तास चालला की ऑइल बदलण्याचा दिवा लागावा, अशी मागणी आली, तर मित्सुबिशी एफएक्स३यू पीएलसीतील (यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रामेबल नियंत्रकातील) साधा टायमर तिथे अपुरा पडतो. १०० मिलिसेकंदांचा टायमर जास्तीत जास्त ३२७६.७ सेकंद, म्हणजे तासाभरापेक्षाही कमी वेळ मोजतो, आणि इनपुट सुटताच शून्यावर येतो. टी २५० ते टी २५५ हे टायमर मोजलेला वेळ धरून ठेवतात, पण कमाल मर्यादा त्यांचीही तीच. म्हणून इथे काउंटरच वापरावा.

एम ८०१३ हा अंतर्गत बिट दर सेकंदाला एक पल्स देतो. हे पल्स मोजणारा काउंटर हाच आपला टायमर. एक्स ० या इनपुटला मोटरच्या कॉन्टॅक्टरचा (मोटरचा पुरवठा चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट, म्हणजे त्याच्यासोबत चालू-बंद होणारा जोड-संपर्क, जोडावा. पीएलसीच्या आउटपुटवरून तास मोजू नयेत, कारण ओव्हरलोड रिले (जास्त भार आल्यास मोटर बंद करणारे संरक्षण) ट्रिप झाल्यावरही ते आउटपुट चालू राहू शकते.

एक्स ० आणि एम ८०१३ सरळ मालिकेत जोडण्याचा मोह अनेकांना होतो. पण पल्स चालू असतानाच मोटर सुरू झाली, तर काउंटरला त्या क्षणी एक नवी चढती कड (बंदवरून चालू होणे) दिसते आणि एक अंक जास्त मोजला जातो. वारंवार सुरू-बंद होणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये ही चूक साचत जाते. यासाठी आधी एम ८०१३ वरून पीएलएस सूचनेने (चढत्या कडेवर पल्स देणाऱ्या) एम ० हा एका स्कॅनपुरता, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेऱ्यापुरता, पल्स तयार करावा आणि मग एक्स ० व एम ० मालिकेत जोडून सी १०० हा काउंटर चालवावा.

सी १०० चा प्रीसेट (ज्या आकड्याला काउंटरचा कॉन्टॅक्ट चालू होतो तो) ३६००, म्हणजे एक तास, ठेवावा. प्रोग्रामच्या पुढच्या ओळीत सी १०० च्या कॉन्टॅक्टने सी १०१ चालवावा, त्याचा प्रीसेट ५००. त्यानंतरच्या ओळीत सी १०० च्याच कॉन्टॅक्टने सी १०० रिसेट करावा. हा क्रम बदलू नये. रिसेटची ओळ सी १०० आणि सी १०१ च्या ओळींच्या मध्ये आली, तर सी १०१ ची ओळ येण्याआधीच सी १०० शून्य झालेला असतो आणि तास कधीच पुढे सरकत नाहीत. सी १०१ च्या कॉन्टॅक्टवर दिवा घ्यावा. ऑइल बदलल्यावर दोन्ही काउंटर की-स्विचने रिसेट करावेत.

चाचणीसाठी प्रीसेट तात्पुरते १० आणि ३ करावेत, मध्येच पॅनेलचा पुरवठा तोडून पुन्हा द्यावा आणि मोजणी होती तिथूनच पुढे चालते का, ते पाहावे. सी १०० ते सी १९९ हे काउंटर मूळ सेटिंगमध्ये वीज गेल्यावरही आकडा राखतात, मात्र एफएक्स३यूमध्ये ते बॅटरीच्या बळावर; त्यामुळे बॅटरीचा इशारा देणारा दिवा लागल्यास आधी सी १०१ चा आकडा लिहून घ्यावा आणि मगच बॅटरी बदलावी.