काँक्रीटमध्ये प्लास्टिकचे तंतू घालताना
अंगणाच्या किंवा पार्किंगच्या काँक्रीटमध्ये पॉलिप्रोपिलीनचे १२ मिलिमीटर लांबीचे बारीक तंतू घालायचे असल्यास घनमीटरला सुमारे ९०० ग्रॅम पुरतात. त्यांनी काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद फारशी वाढत नाही. मात्र ओतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पृष्ठभाग भराभर वाळल्याने पडणाऱ्या बारीक भेगा बऱ्याच आटोक्यात राहतात. त्यामुळे तंतू घातले म्हणून स्लॅब-बीममधील सळई कमी करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. तंतूंमुळे माल घट्ट वाटू लागतो आणि मिक्सरवरचा माणूस हमखास पाण्याची बादली उचलतो. ताकद जाते ती तिथेच, म्हणून जादा पाण्याऐवजी प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) वापरावा. तंतू एकदम न ओतता भुरभुरावेत, नाहीतर गोळे होतात.