टॅली का व्हीएमसी? एआयच्या हिशोबाने दोन लाइनी कशा ताडून बघायच्या

बारावी झालेला माझा भाचा परवा विचारत होता, मामा, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी शिकून कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत कुठल्या तरी पेढीवर लागू का आयटीआय मशिनिस्ट करून शिरोलीच्या एमआयडीसीत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापायचं मशीन) जाऊ, एआय आधी कुठलं काम खाईल? मग वही घेऊन बसलो दोघं.

पहिलं म्हणजे नोकरीचं नाव विसरा आणि त्यातला एक आठवडा लिहून काढा, तोही त्या कामातल्या माणसाला विचारून, क्लासवाल्याला नाही. 2013 ला ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बर्न यांनी 702 व्यवसाय तपासून अमेरिकेतल्या 47 टक्के नोकऱ्या जास्त धोक्यात धरल्या होत्या, आणि 2016 च्या ओईसीडीच्या (बहुतेक श्रीमंत देशांची संघटना) अभ्यासात नोकरीतली एकेक कामं मोजली तर 21 देशांची सरासरी आली फक्त 9 टक्के. दोन्ही चॅटजीपीटीच्या आधीचे, आकडे धरून बसू नका, पण मोजायची रीत बदलली की उत्तर किती फिरतं बघा.

मग प्रत्येक कामापुढे लिहा, सगळं स्क्रीनवर होतं का, आणि चुकलं तर निस्तरायला कोण जातं.

अकाउंट्समध्ये बिलं चढवणं, बँक स्टेटमेंट जुळवणं, जीएसटीआर-2बीशी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता) खरेदी ताडून बघणं, सगळं स्क्रीनवरचं, आणि जुळवणी तर सॉफ्टवेअर आत्ताच करतंय. उरतं काय, तर ज्या पार्टीने जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) भरलं नाही तिच्या मागे लागणं आणि क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) का अडकलं ते मालकाला समजावणं. पण हे नवीन पोराला पहिल्या वर्षी कोण देणार? मला खरी काळजी याचीच वाटते, पोरं ज्या कामावर घडतात तेच आधी जातंय.

व्हीएमसीत प्रोग्रॅमिंगला एआय लागणारच. पण फौंड्रीतून आलेली कास्टिंग (धातू ओतून केलेले भाग) एकसारखी नसतात, कुठं मटेरियल जास्त, कुठं हार्ड स्पॉट म्हणजे जास्त कडक जागा, कुठं मशिनिंग केल्यावर ब्लोहोल म्हणजे आतलं हवेचं भोक उघडतं, मग परत सेटिंग करा, ऑफसेट (मशीनला दिलेलं टूल-जॉबच्या जागेचं माप) बदला, टूलचा आवाज बदलला की मशीन थांबवा, तिथं माणूसच लागतो. नुसता जॉब (मशीनवर चढवलेला भाग) लावून-काढून बटण दाबणारा मात्र सेफ नाही, त्याच्या जागी रोबो येतो. म्हणून सेटिंग शिकवणारं शॉपच धरा.

अजून एक करा. नाव-नंबर झाकून दहा बिलांचे फोटो एआयला द्या, तक्ता करून घ्या आणि तो तपासायला किती मिनिटं लागली ते मोजा. हाताने चढवण्यापेक्षा बरीच कमी लागली तर ते काम गेलं धरा.

भाचा पुढच्या आठवड्यात गोकुळ शिरगावला ओळखीच्या शॉपमध्ये दोन दिवस थांबणार आहे, कारण आठ तास मशीनपाशी उभं राहणं जमतंय का ते वहीत कळत नाही.