ग्लुटेनमुक्त स्वयंपाकाचं पहिलं पुस्तक घेताना या चुका टाळा

घरात कुणाला सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतडी बिघडण्याचा आजार, निघाला की पहिल्याच आठवड्यात पुस्तक मागवलं जातं, तेही मुखपृष्ठावरचा केक बघून. मग ते घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि चुका त्याच त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘पोळी नाही, म्हणजे ग्लुटेन नाही’ असं धरून लिहिलेलं पुस्तक उचलणं. ग्लुटेन गव्हात असतं, तसंच जवात आणि राय नावाच्या धान्यातही असतं. मैदा, रवा, लापशीचा दलिया, बाजारातल्या बहुतेक शेवया, हे सगळं गहूच. सातूच्या पिठात बहुतेकदा गहू नाहीतर जव असतो. तरी ‘पौष्टिक’, ‘भरडधान्यांचे’ अशा पुस्तकांत हे पदार्थ बिनदिक्कत येतात.

आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी मुलीसाठी असंच एक जाडजूड पुस्तक घेतलं. पोळी बंद, बिस्किटं बंद, तरी पोरीचं पोट बिघडायचं ते बिघडतच होतं आणि वजन वाढत नव्हतं. पुस्तक घेऊन मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिले. थालीपिठाच्या पानावर ‘तयार भाजणी २ वाट्या’ एवढंच लिहिलेलं. डब्यातली भाजणी गहू घालून केलेली. हिंगाची डबी उलटी करून वाचली, तर घटकांत गव्हाचं पीठ. ज्वारी चांगली निवडून घेतलेली, पण दळलेली कोपऱ्यावरच्या गिरणीत, कुणाच्या तरी गव्हाच्या पाठोपाठ. पोरगी रोज थोडा थोडा गहू खात होती आणि पुस्तकात गिरणीचा साधा उल्लेखही नव्हता. ताईंनी घरघंटी घेतली, तीत गहू कधीच घातला नाही, भाजणी घरी केली, हिंग बदलला. पोरगी हळूहळू सावरली.

म्हणून मी पाककृती नंतर बघते. आधी सुरुवातीची पानं उघडून हिंग, जव, गिरणी, पोळपाट-लाटणं, तळणीचं तेल यांबद्दल काही लिहिलंय का ते शोधते. नसेल तर पुस्तक खाली ठेवते. पाकिटं वाचायला शिकवणारं पुस्तक असेल तर फारच उत्तम. आपल्याकडे ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, हे नवशिक्याला माहीत हवं.

दुसरी चूक म्हणजे थेट परदेशी बेकिंगच्या पुस्तकापासून सुरुवात. झँथन गम (पीठ बांधून ठेवणारी पूड), टॅपिओका स्टार्च, बदामाचं पीठ असं सगळं महागाचं सामान येतं, पहिला ब्रेड दगडासारखा होतो आणि माणूस महिन्याभरात परत गव्हाकडे वळतो. ही घाई मला अजिबात पटत नाही. ग्लुटेन नसलं की पीठ धरून राहत नाही, हे खरं. पण उकळत्या पाण्यात तांदळाचं पीठ घातलं की त्यातला स्टार्च फुलतो आणि पीठ मळण्याजोगं होतं. मोदकाची उकड आपण तशीच काढतो. भाकरी, घावन, मुगाची धिरडी, उकडीचे मोदक यांत मुळात गहू लागतच नाही. पहिलं पुस्तक या पदार्थांचं घ्या. ब्रेड पुढच्या वर्षी केला तरी चालेल.

मापं ग्रॅममध्ये असलेलंच पुस्तक घ्या. अमेरिकन कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो, आपली वाटी घरोघरी वेगळी.

ओट्स सरसकट चालतात असं लिहिलेलं पुस्तक नको. त्यांत गव्हाची भेसळ सहज होते.

‘५०० पाककृती’ बघून भुलू नका, तुम्ही त्यातल्या दहा कराल.

आणि निदान व्हायच्या आधी पुस्तक वाचून गहू सोडू नका. ग्लुटेन बंद असेल तर आजार असूनही रक्ततपासणीत तो दिसत नाही, असं होऊ शकतं. आधी डॉक्टर, मग पुस्तक.

तेही लगेच विकत नको. वाचनालयातून आणा, त्यातली भाकरी आणि एखादं धिरडं लिहिलंय अगदी तसंच करा, स्वतःची अक्कल न घालता. दोन्ही जमली तर दुकानात जा.